खेपेचा दर आणि घाटाचा उतार

(कळंब, ता. कर्जत येथे वाहतूक व्यावसायिक व ग्रामस्थांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



खोपोलीहून जुन्या मार्गाने बोरघाट चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटाची वाट इंग्रजांना दाखविणारा हा धनगर. बक्षिसाऐवजी त्याच्या वाट्याला मरण आले, अशी लोककथा आहे. चालक आजही तेथे नाणे वाहून पुढे जातो. वाट दाखविणाऱ्याचा आणि वाट तुडविणाऱ्याचा मोबदला काय, हा प्रश्न या घाटाइतकाच जुना आहे. कर्जत-मुरबाड रस्त्यावर वसलेल्या कळंबला तो परका नाही.

मुंबई हायचे खनिज तेल समुद्राखालच्या नळांतून किनाऱ्यावर येते. परंतु माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांतील पेट्रोल-डिझेल गावोगावच्या पंपावर पोहोचते ते शेवटी टँकरनेच. त्या टँकरच्या चालकाला पैसे कोणत्या मापाने द्यावेत? महिन्याने, खेपेने, की किलोमीटरने? वरवर हा मालकाच्या हिशेबवहीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात तो घाटातून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या जिवाचा विषय आहे.

समजा, एका खेपेचे ९०० रुपये ठरले. गाडी पाच तास चालली, तर तासाला १८० रुपये पडले. त्याच खेपेत आणखी चार तास टँकर भरण्याच्या रांगेत गेले, तर तोच दर १०० रुपयांवर येतो. खोळंबा चालकाच्या चुकीने झालेला नसतो. तोटा मात्र त्याचा. आणि तो भरून काढण्याचे एकच साधन त्याच्या हाती, नव्हे पायाखाली असते. ते म्हणजे ॲक्सिलरेटर. झोप टाळून दुसरी खेप धरणे, हा त्याचाच पुढचा टप्पा.

दुसरी प्रथा याहून घातक आहे. मालक खेपेला ठराविक डिझेल देतो. जे वाचेल ते चालकाचे. मग उतारावर गाडी न्यूट्रल केली जाते, प्रसंगी इंजिनही बंद केले जाते. गिअरमुळे मिळणारा इंजिनाचा अटकाव त्यामुळे नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर पडतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. इंजिन बंद असेल तर ब्रेकसाठी लागणारी हवाही पुन्हा भरत नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड ट्रकने अनेक वाहनांना चिरडले. चालकाने इंधन वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. दोष चालकाचा होताच. पण चार लिटर डिझेल वाचविण्याचे आमिष दाखविणारी पद्धत निर्दोष कशी ठरेल?

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिलेच नाही, असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची सामान्य मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर घातला. टर्मिनलवरील पंधरा मिनिटांहून कमी वेळाची नुसती हजेरीही त्याने कामाच्या तासांत धरली. चार तासांच्या रांगेविषयी मात्र तो तितक्या स्पष्टपणे बोलला नाही. शिवाय तो लागू होता पाच वा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना. एक-दोन गाड्यांचा मालक त्याबाहेरच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. युरोपीय संघाने २००६ च्या नियमावलीत अधिक नेमके पाऊल टाकले. रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यात येत असेल, तर अंतरावर वा मालाच्या वजनावर चालकाचा मोबदला ठरविण्यास तेथे मनाई आहे.

मालकाची बाजूही न्याय्य आहे. ‘पगार बांधून दिला, तर गाडी ढाब्यावरच उभी राहील,’ ही त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. परंतु गाडी कोठे आणि किती वेळ थांबली, हे आता उपग्रहाधारित यंत्रणा सांगते. त्याची खरी अडचण निराळी आहे. त्याला स्वतःलाच तेल कंपनीकडून जाण्या-येण्याच्या किलोमीटरवर पैसे मिळतात. वरून किलोमीटरचे माप आले, तर खाली तासाचे माप तो कोठून आणणार? म्हणून सुधारणेचा आरंभ वाहतुकीच्या करारापासूनच व्हावयास हवा.

मार्ग मध्यम आहे. घर चालेल एवढा मासिक पगार पक्का असावा. बाहेरगावच्या जेवणाचा आणि मुक्कामाचा भत्ता वेगळा असावा. ठराविक वेळेपलीकडच्या रांगेचे पैसे तासावर मिळावेत, आणि ज्याच्यामुळे खोळंबा झाला त्यानेच ते सोसावेत. बक्षीस द्यायचेच, तर वर्षभर अपघाताविना व दंडाविना गाडी चालविल्याबद्दल द्यावे. वेगाबद्दल वा वाचविलेल्या डिझेलबद्दल नव्हे.

यामुळे भाडे थोडे वाढेल, हे मान्य केले पाहिजे. पेट्रोलच्या दरात काही पैशांची भर पडेल. पण आज ती किंमत चालकाचे कुटुंब भरत आहे, आणि एखाद्या रात्री घाटात ती दुसऱ्याच कुटुंबाला भरावी लागते. शिंग्रोबापुढे नाणे वाहताना चालक सुखरूप घरी परतण्याचे मागणे मागतो. त्या मागण्यातील आपला वाटा या गावातील मालकांनी, व्यापाऱ्यांनी आणि ग्राहकांनीही उचलावा, एवढीच अपेक्षा.