पितळखोऱ्याला गेलो तेव्हा

(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आम्हाला प्रवासावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. अजिंठा-वेरूळ आपण सगळ्यांनीच पाहिले, सहलीची बस तिकडेच जाते. म्हणून गेल्या श्रावणात आम्ही पितळखोरा ठरविले. वस्तीतली अकरा माणसे, त्यात सत्तरी ओलांडलेल्या आजी. "गुडघे दुखतात, तुम्ही राहू द्या," म्हटले, तर म्हणाल्या, "गुडघे माझे हायेत, तुमचे न्हाईत."

कन्नड तालुक्यात, सातमाळा डोंगरात ही लेणी आहेत. जीप पठारावर थांबते. लेणी दिसतच नाहीत! नुसते माळरान, ओले गवत, आणि एकदम पायाखाली दरी. तिथून पायऱ्या उतरायच्या. पावसाने शेवाळलेल्या. दोघांनी आजींना धरले, एकजण पुढे उलटा चालत होता. तो चालणारा आम्हीच, म्हणून सांगतो, भीती आम्हाला वाटत होती, आजींना नाही.

इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातले हे काम. दगड ठिसूळ, त्यामुळे दर्शनी भाग कोसळला आहे. तरी जोत्यावर हत्तींची रांग उभी आहे. दाराशी पाच फण्यांचा नाग आहे; वरचे पाणी त्या फण्यांतून पडावे म्हणून कारागिरांनी आतून भोके ठेवली. चैत्यगृहातल्या अष्टकोनी खांबांवर नंतरच्या काळातली चित्रेही थोडी उरली आहेत. इथे सापडलेला एक हसरा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेला आहे. तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडविला, तसे त्याच्या हातावर कोरले आहे.

स्तूपांची लेणी ओढ्यापलीकडे. ओढा घोट्याएवढाच, म्हणून चार पोरे पलीकडे गेली. वर कुठे पाऊस पडला असावा. पाणी गढूळ झाले आणि बघता बघता मांडीला लागेल एवढे चढले. पोरे तिकडे, आम्ही इकडे. "हलू नका, तिथंच बसा!" एवढे ओरडून सांगितले. दोन तास गेले. त्यातल्या एकाची आई आमच्यात होती, तिच्याकडे बघवत नव्हते.

तिचे मन रमावे म्हणून आमच्यातल्या गुरुजींनी शिलालेखांची माहिती वाचायला घेतली. हा खांब पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवाचा, म्हणजे अत्तराचा धंदा करणाऱ्यांचा. हे दान मगिल राजवैद्याचे. तो स्वतःला वाच्छीपुत्र म्हणवतो, म्हणजे आईकडून ओळख सांगतो. आणि हे त्याच्या मुलीचे, दत्ताचे.

आजींनी मान वर केली. "पोरीचं बी नाव लिवलंय?"

"लिहिलंय, आजी. दोन हजार वर्षं झाली."

आजी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्या पाटीवर आमच्या ह्यांचं नाव हाय. चौकट माझ्या कुड्या मोडून आली."

बांधवांनो, आम्ही गप्पच झालो. देणगीदारांची ती पाटी रंगवून घेतली तेव्हा यादी आम्हीच केली होती. पावतीवर घरधन्याचे नाव, म्हणून पाटीवर घरधन्याचे. कुणाला विचारावे असे मनातही आले नाही. पाटीवर चौतीस नावे आहेत. त्यात बाई एकही नाही. विटा डोक्यावरून कुणी वाहिल्या, ते इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

चारच्या सुमारास पाणी उतरले. दोराला धरून पोरे आली. आईने आधी एकाच्या पाठीत धपाटा घातला, मग जवळ घेतले. पायऱ्या चढताना आजी तीनदा बसल्या, पण वर आल्या.

समितीने नवी पाटी करायचे मान्य केले आहे. रंगारी रविवारी येणार. ज्या घरातून ज्या बाईने जे दिले, ते शनिवार संध्याकाळपर्यंत आमच्याकडे सांगावे. जी हयात नाही तिचेही सांगावे. आजी पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचे नाव माहेरचे लिहायचे की सासरचे, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.

जयभीम!