उन्हाळ्याची सुटी आणि घरातील मुले
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणिसांनी आम्हांस येथे दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा निवृत्त माणसाला शोभेल असा एखादा परमार्थाचा विषय ते देतील, अशी आमची समजूत होती. परंतु त्यांनी दिलेला विषय निघाला तो उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घरच्या घरी, थोडक्या खर्चात कसे रमवावे, हा. विषय ऐकून आम्ही हसलो आणि लगेच ओशाळलो. त्या ओशाळण्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमचे चिरंजीव व सूनबाई दोघेही नोकरी करतात. त्यामुळे सुटीत नऊ वर्षांच्या नातवाला सांभाळण्याचे काम आम्हां उभयतांकडे असते. गेल्या उन्हाळ्यात एका शिबिराची चौकशी केली, तो त्याची फी आमच्या महिन्याच्या किराण्याहून अधिक. शिबिराचा विचार सोडला आणि दुपारची वामकुक्षी निर्विघ्न व्हावी म्हणून आम्ही नातवाच्या हाती मोबाइल दिला. पंधरा दिवस घर अगदी शांत होते. त्या शांततेला आम्ही सुख समजत होतो.

एके दुपारी वीज गेली आणि थोड्या वेळाने मोबाइलही बंद पडला. नातू चिडला, रडला आणि पाय आपटीत जिन्यात जाऊन बसला. तासाभराने तो परत आला तेव्हा त्याची बोटे विटकरीच्या रंगाने माखली होती आणि चेहरा फुललेला होता. आमच्या इमारतीच्या रखवालदाराच्या मुलीने विटेच्या तुकड्याने फरशीवर नवकंकरीचा पट आखून त्याला तीनदा हरविले होते. त्याने आम्हांला विचारले, “आजोबा, तुम्हांला येतो का हा खेळ?”

बंधुभगिनींनो, आम्हांला तो येत होता. त्याच्या आजीला तर आमच्याहून चांगला येत होता. परंतु नऊ वर्षांत तो त्याला शिकवावा, असे आम्हां दोघांपैकी एकालाही सुचले नव्हते. आमच्याजवळ जे होते ते आम्ही कपाटात कुलूपबंद ठेवले आणि विकतचे काही परवडत नाही म्हणून हळहळत बसलो. आजचे आमचे बोलणे म्हणजे त्या कपाटाची किल्ली होय.

प्रथम त्या नवकंकरीविषयीच सांगतो, कारण येथे बसलेल्या तरुण मातापित्यांपैकी अनेकांना ती ठाऊक नसेल. एकात एक असे तीन चौकोन काढावे आणि त्यांच्या बाजूंचे मध्यबिंदू रेघांनी जोडावे. अशी चोवीस ठिकाणे होतात. दोघा खेळाडूंनी प्रत्येकी नऊ सोंगट्या घ्याव्या, पाळीपाळीने एकेक मांडावी आणि सर्व मांडून झाल्यावर रेघेवरून शेजारच्या मोकळ्या जागी सरकवावी. एका ओळीत आपल्या तीन सोंगट्या आल्या की प्रतिपक्षाची एक उचलावी. ज्याच्या दोनच उरतील तो हरला. एकाने चिंचोके घ्यावे, दुसऱ्याने खडे. जुन्या देवळांच्या ओट्यांवर हे पट कोरलेले आढळतात. तेव्हा आपले पूर्वजही दुपारच्या वेळी काही सदैव नामस्मरणच करीत नसत, हे उघड आहे.

याच दिवसांत घरोघरी वर्षाची चिंच फोडून ठेवतात. त्यातील चिंचोके फेकून देऊ नयेत. एक चिंचोका उभा दुभंगला की त्याची एक बाजू पांढरी व एक काळी होते. अशी चार शकले म्हणजे फुकटचे फासे झाले. जितकी पांढरी वर तितके दान, आणि चारही काळी पडली तर आठ. पाच घरे आडवी व पाच उभी असा पट खडूने आखला की चौघांची दुपार सरते. मुलांना मोजणे येते, पाळी थांबून घेणे येते आणि हरणेही येते. यांपैकी शेवटची विद्या आम्हां थोरांनाही पुरती अवगत नाही, हे मंडळाच्या वार्षिक निवडणुकीत आपण सर्व पाहतोच.

सागरगोटे, भेंड्या, कोडी, भातुकली, दिव्यासमोर हातांनी भिंतीवर पाडलेल्या सावल्या यांची केवळ नावे घेतली तरी पुरे. मात्र एक सूचना आवर्जून करतो. आमच्या लहानपणी पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी खेळण्याची चाल होती. त्या बिया विषारी आहेत. लहान मुलांच्या हाती त्या देऊ नयेत. जुने ते सारेच सोने असते, असे नाही.

आता थोडे ज्ञानाकडे वळू. एकसारख्या दोन बाटल्यांत सारखेच पाणी भरावे. एकीला ओले फडके गुंडाळावे, दुसरी तशीच ठेवावी आणि दोन्ही सावलीत वाऱ्यावर ठेवाव्या. तासाभराने मुलांनी हात लावून पाहावा. फडक्यातील पाणी वाफ होऊन जाताना बाटलीची उष्णता घेऊन जाते. माठातील पाणी गार का होते, याचे हेच उत्तर. कोकणच्या दमट हवेत हा फरक थोडा जाणवेल, देशावर आणि विदर्भात चांगलाच जाणवेल. तो तसा का, हेही मुलांनाच विचारावे.

दुसरा चमत्कार तर वर्षातून दोनदाच होतो. आपला सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य वर्षातून दोन दिवस आपल्या ठीक माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. कोल्हापुरास हा दिवस ६ किंवा ७ मेच्या सुमारास, पुण्यास १३ किंवा १४ मेच्या, मुंबईस १५ मेच्या आणि नागपुरास २६ मेच्या सुमारास येतो. दुसरा दिवस पावसाळ्यात येत असल्याने ढगांमुळे तो सहसा साधत नाही. हा क्षण घड्याळाच्या बाराला येत नाही. मुंबईपुण्याकडे तो साडेबारा उलटल्यावर, तर नागपुराकडे बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास येतो. अंगणात किंवा गच्चीवर एक सरळ पेला उभा ठेवावा, मुलांच्या डोक्यावर टोपी किंवा ओला रुमाल द्यावा आणि पाच मिनिटे थांबावे. सूर्याकडे मात्र पाहू देऊ नये. आमच्या नातवाने तो पेला तीनदा उचलून खाली सावली लपली आहे काय, हे पाहिले.

ज्यांना आणखी काही करून पाहावयाचे असेल, त्यांनी श्री. अरविंद गुप्ता यांची खेळणी अवश्य पाहावी. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रे अशा टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविणाऱ्या या गृहस्थांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतही असून इंटरनेटवर ती विनामूल्य मिळतात. मोबाइल घरात आहेच, तर त्याचाही असा सदुपयोग व्हावा. आमचा रोष यंत्रावर नाही, त्याच्या आडोशाने घेतलेल्या आमच्या वामकुक्षीवर आहे.

रात्रीचा प्रश्न उरतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे आपण जाणताच. त्या पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. आपल्या शाळांची सुटी मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवड्यांची असते. विदर्भात ती उन्हामुळे आणखी थोडी लांबते. सहा आठवड्यांचे दिवस होतात बेचाळीस! रोज रात्री जेवणानंतर एक रात्र वाचावी. एके दिवशी आजोबांनी, एके दिवशी आईने, एके दिवशी मुलाने वाचावे. शेवटच्या रात्री दुःखाच्या आहेत. त्या वाचताना मुलास जवळ घेऊन बसावे. आमच्या घरी त्या वेळी सूनबाईंचा स्वर दाटला आणि पुढचे पान नातवाने वाचले. कामावरून दमून आलेल्या आईशेजारी तो त्या रात्री बराच वेळ बसून होता.

आमच्या त्या उरलेल्या सुटीचा जमाखर्च मांडावयाचा तर खडू, दोरा, गोंद, घोटीव कागद आणि दोन वह्या मिळून दीडशे रुपयांच्या आत खर्च झाला. वेळ मात्र पुष्कळ खर्ची पडला आणि वामकुक्षी तर बुडालीच. तेव्हा स्वस्त या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. पैसा वाचतो तेथे माणसाने स्वतः बसावे लागते. नोकरी करणाऱ्या मातापित्यांपाशी तो वेळ नसतो, आणि त्यासाठी त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तो वेळ आम्हां निवृत्तांपाशी आहे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे एक विनंती ठेवतो. मे महिन्यात लग्नाच्या तिथी सोडल्या तर आपले सभागृह दुपारी रिकामे असते. आठवड्यातून दोन दुपारी ते मुलांसाठी उघडे ठेवावे. पंखे आहेत, पाणी आहे, सतरंज्या आहेत. आम्ही आणि आमच्यासारखे चारदोन वृद्ध येऊन बसू. फी नको आणि प्रशस्तिपत्रकेही नकोत.

आणखी एक. त्या दारावर मुलाचे आडनाव विचारले जाऊ नये. ज्ञातीच्या मेळाव्यात हे बोलणे काहींना अस्थानी वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु आमच्या घरातील विसरलेला खेळ आमच्या नातवाला परत आणून दिला तो रखवालदाराच्या मुलीने. दोन वर्षे ती फाटकाशी उभी असलेली आम्ही पाहत होतो आणि तिचे नावही आम्ही कधी विचारले नव्हते. आता ती रोज आमच्याकडे येते. तिच्या आजीकडून तिला सागरगोट्यांचे असे काही डाव आले आहेत की, आमच्या मंडळींनाही ते ठाऊक नव्हते. सभागृह उघडले, तर शिकविणाऱ्यांत तिचे नाव पहिले घालावे, अशी आमची शिफारस आहे.