बाळंतिणीचे केस



आमच्या दवाखान्यात एक तरुण आई आली, ती कागदाच्या पुडीत गुंतवळ घेऊन. एका न्हाण्यातले केस, लिंबाएवढा गोळा. बाळ चार महिन्यांचं. "बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतातच," असं सासूबाईंनी सांगितलेलं, तरी पोर घाबरून गेली होती.

सासूबाईंचं निरीक्षण खोटं नव्हतं. एरवी डोक्यावरच्या लाखभर केसांतले ५० ते १०० रोज गळतात. गरोदरपणी इस्ट्रोजेन वाढतं आणि गळायच्या बेतातले केसही टिकून राहतात. म्हणून त्या दिवसांत वेणी हाताला जाड लागते. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं, आणि दोन-चार महिन्यांनी राहून गेलेले केस एकदम गळू लागतात. बाळ हसू लागतं तेही याच सुमाराला. अंगावर पाजण्याशी याचा संबंध नाही. केसांपायी कुणी दूध तोडू नये. बहुतेकींचे केस वर्षभरात भरून येतात. कपाळाशी आखूड केस उभे राहिले की समजावं, नवे येताहेत. या दिवसांत बाळाच्या हातापायांची बोटं मात्र रोज बघा. गळलेला केस बोटाभोवती आवळला तर बोट सुजून लाल होतं आणि बाळ का रडतंय ते घरात कुणाला कळत नाही.

मला खरं बोलायचंय ते वर्ष उलटूनही केस गळत राहतात त्या बायकांबद्दल. तिथे "सगळ्यांचेच गळतात" हे उत्तर चालणार नाही. पहिलं कारण बघायचं ते लोहाची कमतरता. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी लोहाचा साठा आटलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. दुसरं थायरॉइड. बाळंतपणानंतर काहींची ही ग्रंथी बिघडते. थकवा, उदासी, वाढतं वजन, सगळं "जागरणं होताहेत" म्हणून सोडून दिलं जातं. भांगच रुंदावत चालला असेल तर कारण आनुवंशिकही असतं. त्यावरचं औषध पाजत्या आईने स्वतःच्या मनाने लावू नये.

नवव्या महिन्यात आपण बाळाला गोवर-रुबेलाच्या लशीला नेतो. वजन होतं, कार्डावर नोंद होते. बाळ जिच्या मांडीवर असतं, तिला कुणी काही विचारत नाही. माझं मागणं एवढंच आहे की त्याच फेरीत तिचंही रक्त तपासा.

पुडीवाली ती मुलगी दीड वर्षाने पुन्हा आली. गळती थांबली नव्हती, फेरिटिन तळाला गेलेलं. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या लोहाच्या लाल गोळ्या मळमळतं म्हणून आठवड्यातच सुटल्या होत्या, पट्ट्या कपाटात तशाच. आता त्या ती जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घेते. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब. तिच्या गोळीची आठवण सासूबाई ठेवतात.