मूळतापीपासून समुद्रापर्यंत

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस वेचणीला माणूस मिळत नाही, अशा ऐन कार्तिक-मार्गशीर्षात शहादा-प्रकाशाच्या रस्त्याने पांढऱ्या कपड्यांतली माणसे चालताना आपण पाहतो. हातात काठी, खांद्याला झोळी, तोंडी 'नर्मदे हर'. ही नर्मदा परिक्रमेची मंडळी. नर्मदा अमरकंटकला उगवते आणि १,३१२ कि.मी. वाहून भरूचजवळ समुद्राला मिळते. एका काठाने समुद्रापर्यंत चालायचे, दुसऱ्या काठाने मुळाशी परत यायचे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठेही ती ओलांडायची नाही. खाडी तेवढी होडीने पार करायची. बाकी सगळा भरवसा पायांवर.

ही माणसे आपल्या रस्त्याला का लागली? जुनी वाट अक्राणी-अक्कलकुव्याच्या बाजूने शूलपाणीच्या झाडीतून होती. सरदार सरोवराची उंची २०१७ साली १३८.६८ मीटरवर गेली. आपल्या महाराष्ट्रातली ३३ गावे या धरणात बाधित झाली आणि काठाची पायवाटही पाण्याखाली गेली. काहीजण अजून डोंगरातून धडगावकडे जातात, पण पुष्कळजण खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा असे फिरून पुढे निघतात. म्हणजे नर्मदेचा यात्रेकरू प्रकाशाला येऊन तापीत अंघोळ करतो. धरणाने देवाचीसुद्धा वाट बदलली. गावे उठली त्यांची गोष्ट तर वेगळीच.

या मंडळींना जेवू कोण घालतो? काठाचा शेतकरी. कोणी सदावर्त देतो, कोणी ओसरीवर बसवून भाकरी वाढतो. पुस्तके लिहिणारे परत येऊन लिहितात. वाढणारा काही लिहीत नाही. आम्ही तक्रार करत नाही, फक्त हिशेब मांडतो.

साहेबलोकही नद्यांच्या मागे गेले. एव्हरेस्टवाल्या हिलरींनी १९७७ साली गंगासागरहून वर जायचे ठरवले, पण ते यंत्राच्या वेगवान होड्यांनी. नंदप्रयागच्या पुढे धबधबा आला आणि होड्या थांबल्या. एड स्टॅफर्ड नावाचा इंग्रज मात्र ॲमेझॉनच्या काठाने २००८ ते २०१० अशी दोन वर्षांवर पायी चालला. गादिएल सांचेझ नावाचा पेरूतला जंगलमजूर त्याला पाच दिवस वाट दाखवायला आला, तो थेट समुद्रापर्यंत बरोबर राहिला. आम्हाला त्या साहेबापेक्षा या मजुराचे कौतुक जास्त.

आता आपल्या तापीकडे या. मध्य प्रदेशात मुलताईला, म्हणजे मूळतापीला, ती उगवते आणि ७२४ कि.मी. वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. यातले २२८ कि.मी. महाराष्ट्रात. चांगदेवला पूर्णा मिळते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, मुडावदला पांझरा, प्रकाशाला गोमाई. एवढा गोतावळा असूनही खान्देशातला कापूस आणि ज्वारी आभाळाकडे बघत उभी! कारण काठावर उभे राहिले की लगेच दिसते. तापी काळ्या गाळाच्या मातीत खोल उतरलेली आहे. पाणी खाली, शेत वर. पांझरेवर बंधारे घालून आपल्या पूर्वजांनी फडपद्धत चालवली, पाण्याच्या पाळ्या गावाने ठरवल्या. तापीवर ते जमले नाही. तिथे उपसा लागतो आणि उपशाला पैसा आणि वीज लागते.

हतनूरच्या ४१ दरवाजांनी पावसाळ्यात पाणी सुटते, ते आपल्यासमोरून उकाईला जाते. उकाई धरण १९७२ सालचे. तापीचे १९१.४० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याचे, असे कागद सांगतो. पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज झाले, पाणी अडले. पण सारंगखेडा-प्रकाशाकडच्या उपसा योजना कित्येक वर्षे बंद पडून राहिल्या. अडलेले पाणी आणि वाळलेले पीक यांत दोन-तीन कि.मी.चे अंतर! ही गोष्ट मुंबईच्या कागदावर दिसत नाही. मोटारीतून पुलावरून जाताना तर मुळीच दिसत नाही.

म्हणून आम्ही बैठकीपुढे ठेवतो आहोत की मुलताईपासून डुमसच्या समुद्रापर्यंत तापीच्या काठाने पायी जावे. पुण्यासाठी कोणाला जायचे असेल तर त्याने जरूर जावे. आम्हाला पाहायचे आहे ते पाणी कुठे अडते, कुठे सुटते आणि कोणाच्या मोटारीला लागते. चालणे आपल्याला नवे नाही. मुक्ताईची पालखी दर ज्येष्ठात पंढरीला निघते, तीही नेमकी पेरणीच्या तोंडावर.

वेळेची अडचण खरी आहे. कार्तिकात कापूस घरात यायचा असतो, चैत्र-वैशाखात जळगावचे ऊन माणसाला उभे राहू देत नाही. दादर काढून झाली की उन्हाळा तापायच्या आत एवढीच सवड, आणि तेवढ्यात ७२४ कि.मी. एकट्याने होणार नाही. तेव्हा वाटणी करू. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर यांनी उत्तर काठ घ्यावा. मुक्ताईनगर, भुसावळ, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा यांनी दक्षिण. प्रत्येक तालुक्याने आपल्या हद्दीत चालायचे आणि पुढच्यांच्या हाती वही द्यायची. वहीत एवढेच लिहायचे: गाव, काठाची उंची, मोटारी किती, चालू किती, बंद किती, बंद असतील तर कशामुळे. बायकांनी वेगळे पान ठेवावे, पिण्याचे पाणी किती लांबून आणावे लागते ते लिहायला. भाकरी ज्या त्या गावाची.

मध्य प्रदेश आणि गुजरातच्या हद्दीतल्या टप्प्यांसाठी माणसे अजून ठरायची आहेत. बऱ्हाणपूरकडे ज्यांचे सोयरे आहेत, त्यांनी बैठक संपल्यावर थांबावे.