घर हीच पहिली शाळा



तान्हे मूल सांभाळायला घरी राहिलेल्या बाईला विचारा, "आज काय काम केलंस?" ती म्हणते, "काही नाही, घरीच होते." आज आम्हाला या घरच्या कामाबद्दलच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिल्या पाच-सहा वर्षांत मुलाचा मेंदू झपाट्याने वाढतो. याच वयात ते चालायला, बोलायला, माणसे ओळखायला शिकते. हे शिक्षण चुलीपाशी, ओसरीवर, अंगणात होते. म्हणून मुलापाशी राहणारे माणूस रिकामे नसते. आई असो, बाप असो की आजी, ते मुलाचे पहिले गुरू असते.

कोणी म्हणेल, "कामाच्या रगाड्यात मुलाशी खेळायला वेळ कुठला?" वेगळा वेळ काढायला नको. काम करता करताच मुलाशी बोलावे. भाजी निवडताना तीन वर्षांच्या मुलीला म्हणावे, "सोने, मोठी वांगी इकडे ठेव, बारकी तिकडे." त्यातून तिला लहानमोठे कळते. भाकरी थापताना पिठाचा गोळा हाती द्यावा. धुणे वाळत घालताना विचारावे, "बाबांचा सदरा कुठला?" बोलता न येणाऱ्या तान्ह्याशीही बोलावे. ते आधी ऐकते, मग बोलते.

ताराबाई मोडक यांनी हेच ओळखले. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडला गेले. महागडी खेळणी त्यांनी आणली नाहीत. पाने, बिया, खडे, शिंपले हेच मुलांचे साहित्य. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आज बोर्डी आणि कोसबाड पालघर जिल्ह्यात आहेत.

पण खेळताना डोळा ठेवावा लागतो. शेंगदाणा, चिंचोका, मणी तान्ह्याच्या घशात अडकतो. उकळते पाणी, पेटती चूल, उघडी विहीर, पाण्याने भरलेली बादली, फवारणीचे औषध यांपासून मुलाला दूर ठेवावे. औषध कधीही पाण्याच्या बाटलीत भरू नये. मूल ते पाणी समजून पिते आणि जिवाला मुकते.

हल्ली रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल देतात. मूल गप्प होते खरे, पण त्याचे बोलणेही थांबते. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडद्यापुढे बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे.

आता बापांना दोन शब्द. दिवसभर मूल कडेवर घेऊन बाईचा जीव थकतो. तिलाही निवांत जेवण हवे, घटकाभर पाठ टेकायला हवी. शेतावरून आल्यावर हातपाय धुवावेत आणि मूल मांडीवर घ्यावे. त्याला बैलाची, पावसाची गोष्ट सांगावी. त्यात कमीपणा नाही. मूल दोघांचे आहे.

मूल तीन वर्षांचे झाले की त्याला अंगणवाडीत पाठवा. घरी आले की विचारा, "आज काय केलंस रे?" आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐका.