सातपुड्याच्या वाटा आणि वाटसरूचे उत्तरदायित्व

(उज्जैनच्या फ्रीगंज भागातील मराठी भाषकांपुढे झालेले भाषण)



फ्रीगंजमधून पचमढीस निघालेला प्रवासी देवास, भोपाळ, नर्मदापुरम, सोहागपूर व पिपरिया या मार्गाने जातो. पुढे मटकुली येथे छिंदवाड्याहून तामियामार्गे येणारा रस्ता मिळतो आणि तेथून पचमढीचा घाट चढावा लागतो. सोहागपूरहून एक फाटा मढईस जातो. तेथे देनवा नदी नावेने ओलांडून सातपुडा राष्ट्रीय उद्यानात प्रवेश होतो.

हे उद्यान १९८१ साली स्थापन झाले. तेथील वाटा मात्र कितीतरी जुन्या आहेत. कोरकू व गोंड बांधवांच्या पावलांनी त्या मळल्या. विदर्भातील यात्रेकरू जुन्नारदेव ही महादेवाची ‘पहिली पायरी’ मानून, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडास पायी जात आले आहेत. १८५८ साली तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच डोंगरांतून मुलताईकडे गेले. कोरकू राजा भभूतसिंह यांनी त्यांना साहाय्य केले. १८६२ साली कॅप्टन फॉर्सिथ यांनी पचमढीस ‘बायसन लॉज’ बांधला. पचमढीच्या शोधाचे श्रेय त्यांना दिले जाते; परंतु वाट ठाऊक असलेली माणसे तेथे आधीपासूनच नांदत होती.

१८६५ साली बोरीचे अरण्य राखीव झाले. अलीकडे व्याघ्र प्रकल्पासाठी वनातील अनेक गावांचे बाहेर पुनर्वसन करण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांनी वाटा पाडल्या, त्यांनी वन्यजीवांसाठी आपली घरे सोडली. त्याच वाटांनी आज आपण मोटारीतून जातो. हे ऋण लहान नव्हे.

नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची वाट वर्षातून थोडेच दिवस खुली होते. विदर्भातील भाविकांची तेथे मोठी गर्दी लोटते. काही दिवसांत टाकलेले प्लॅस्टिक मात्र वर्षानुवर्षे रानात राहते. म्हणून यात्रेकरूंनी आपला कचरा परत आणावा, चालकांनी घाटात वेग आवरावा, शिक्षकांनी सहलीपूर्वी मुलांना या वाटांचा इतिहास सांगावा. अधिकाऱ्यांनीही नियम लावताना जुनी वहिवाट आणि स्थलांतरित गावांच्या गरजा ध्यानी घ्याव्यात.

वाट पाडणारे दूर गेले. तिची राखण आता चालणाऱ्यांकडे आली आहे.