आधी प्रवेश, मग भाषा

(जामसंडे येथे विद्यार्थी, पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९२९ साली राममनोहर लोहिया बर्लिनला गेले तेव्हा त्यांना जर्मन येत नव्हते. प्राध्यापक वेर्नर झोम्बार्ट यांच्याशी ते इंग्रजीत बोलू लागले आणि आपल्याला इंग्रजी येत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. तीन महिन्यांनी येतो, असे सांगून लोहिया निघाले आणि तीन महिन्यांनी जर्मन बोलत परत आले, अशी ही गोष्ट अभ्यासवर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला. त्याच काळात बर्लिनमध्ये शिकणाऱ्या या तरुणाने पुढे मिठाचा कर आणि सत्याग्रह हाच आपल्या प्रबंधाचा विषय केला.

ही गोष्ट नेहमी लोहियांच्या बुद्धीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. भाषा येत नाही म्हणून त्यांना कोणी बंदरावरूनच परत पाठविले नाही. आधी पोहोचा, मग भाषा शिका, मग विषय शिका, असा क्रम त्यांना लाभला.

हाच क्रम आज परदेशी विद्यापीठे विकत देतात. त्याचे नाव इंग्रजी भाषा अभ्यासक्रम. ज्या विद्यार्थ्याचे गुण चांगले आहेत पण टोफेल किंवा आयईएलटीएस या परीक्षेत जो कमी पडतो, किंवा ज्याने ती दिलेलीच नाही, त्याला विद्यापीठ सशर्त प्रवेश देते. त्याने तेथे जाऊन काही सत्रे फक्त इंग्रजी शिकावे, ठरलेली पातळी गाठावी आणि मग पदवीच्या वर्गात बसावे. ही कल्पना नवी नाही. मिशिगन विद्यापीठाने १९४१ साली चार्ल्स फ्रीझ यांच्या नेतृत्वाखाली परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी भाषेची संस्था काढली. टोफेल परीक्षा १९६४ साली आली, आयईएलटीएस १९८९ साली. म्हणजे शिकविण्याची सोय आधी झाली आणि चाळणी नंतर लागली. आज मात्र चाळणीचाच बोलबाला आहे.

जामसंड्याचा मराठी शाळेतला मुलगा या चाळणीपाशी येतो तेव्हा त्याच्यामागे इंग्रजीची बारा वर्षे असतात. महाराष्ट्राने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. बारा वर्षे शिकून ज्याला त्या भाषेत दोन मिनिटे बोलता येत नाही, तो मुलगा मठ्ठ आहे की ती बारा वर्षे पोकळ आहेत, याचा निकाल पालकांनी स्वतःच करावा. ‘अंग्रेजी हटाओ’ची घोषणा देणारे लोहिया स्वतः ‘मॅनकाइंड’ नावाचे इंग्रजी मासिक चालवीत होते. त्यांचा विरोध इंग्रजीच्या सत्तेला होता. ती घोषणा पुढे करून मुलांना इंग्रजीपासून दूर ठेवणारे आणि आपली नातवंडे इंग्रजी शाळेत घालणारे पुढारी या किनाऱ्याने काही कमी पाहिलेले नाहीत.

आता अर्जाकडे वळावे, कारण खरी अडवणूक तेथे आहे. अमेरिकेचे उदाहरण घेऊ. विद्यापीठाचा अर्ज, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पारपत्राची प्रत आणि पैशाचा पुरावा एवढे पाठविले की विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देते. हा कागद नीट वाचावा. सशर्त प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तो केवळ भाषावर्गापुरता मिळतो, पदवीचा कागद नंतर वेगळा घ्यावा लागतो. पदवीला प्रवेश मिळाला, असे समजून गावात पेढे वाटले जातात आणि हातात असते ते इंग्रजीच्या वर्गाचे पत्र. वर्गात आठवड्याला निदान १८ तास बसावे लागते. गेल्यावर पहिल्या आठवड्यात चाचणी होते आणि पातळी ठरते. दोन सत्रांचा हिशेब धरून गेलेला विद्यार्थी चार सत्रांत अडकू शकतो आणि प्रत्येक सत्राचे शुल्क हजारो डॉलरांत असते. या वर्गांचे गुण पदवीत सहसा धरले जात नाहीत.

पैशाचा पुरावा हा तर कोकणी कुटुंबाच्या मुळावरच येणारा प्रश्न आहे. परदेशी विद्यापीठाला बँकेत पडून असलेला पैसा दिसतो, झाडावरचा आंबा दिसत नाही. देवगडच्या बागायतदाराचा पैसा एप्रिल-मे महिन्यांत येतो. त्याआधीच फवारणीसाठी घेतलेली दलालाची उचल उभी असते, आणि पावसाळ्यापर्यंत खात्यात काय उरते ते सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्टच्या सत्रासाठी अर्ज करायचा तर पुरावा हिवाळ्यात वा वसंतात द्यावा लागतो, म्हणजे ज्या दिवसांत खाते रिकामे असते नेमक्या त्याच दिवसांत. ब्रिटनच्या व्हिसासाठी तर ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे. मग बागेवर कर्ज काढावे म्हटले तर सातबाऱ्यावर चुलते, आत्या, मुंबईचे भाऊ, कधीच्या काळी वारलेले आजोबा अशी पंधरा-वीस नावे असतात. लाखोंची बाग असलेला माणूस कागदावर भूमिहीनासारखा उभा राहतो, आणि खरोखरच्या भूमिहीनाचा तर या रांगेत विचारही नाही.

जयप्रकाश नारायण १९२२ साली अमेरिकेला निघाले. बर्कलेला त्यांनी नाव घातले, तेथे शुल्क वाढले तेव्हा ते आयोवाला गेले. द्राक्षांच्या मळ्यात काम करणे, फळे भरणे, भांडी धुणे, असे करीत त्यांनी शिक्षण पुरे केले. जामसंड्याच्या मुलाला हापूसची पेटी भरता येते. गवत कसे अंथरावे, फळ कसे लावावे, हे त्याला शिकवावे लागत नाही. पण जयप्रकाशांचा मार्ग आज त्याला बंद आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला पहिल्या शैक्षणिक वर्षात विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करता येत नाही आणि आवारातही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक नाही. ‘तिकडे गेला की कमावून शिकेल’ असे सांगणारा दलाल खोटे बोलत असतो. अशा दलालांना प्रवेशामागे पुष्कळदा विद्यापीठाकडून दलाली मिळते, हे पालकांना कोणी सांगत नाही. २०१० च्या कायद्याने अमेरिकेत असा व्हिसा देणाऱ्या भाषावर्गांना अधिकृत मान्यता असणे बंधनकारक केले आहे. पैसे भरण्याआधी ती मान्यता विचारावी. दलालाला विचारू नये, थेट विद्यापीठाला लिहावे.

यानंतर मुलाखत. कणकवलीहून रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायची, बोटांचे ठसे द्यायचे आणि काचेपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर दोन-तीन मिनिटे उभे राहायचे. तोवर ३५० डॉलर विद्यार्थी नोंदणीचे आणि १८५ डॉलर व्हिसाच्या अर्जाचे भरून झालेले असतात, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाहीत. भाषावर्गाच्या विद्यार्थ्याला हमखास पडणारा प्रश्न असा: इंग्रजी तर भारतातही शिकता येते, मग अमेरिका कशाला? तेथील कायदा अर्जदार कायमचा राहण्यासाठीच येतो आहे असे गृहीत धरतो आणि ते गृहीत खोडण्याचा भार त्याच्यावर टाकतो. ज्याला इंग्रजी येत नाही म्हणून तो भाषावर्गाला चालला आहे, त्याने आपली बाजू बहुधा इंग्रजीतूनच मांडायची. वस्तुतः मुंबईच्या वकिलातीत मराठीतून मुलाखत देण्याची विनंती करता येते. ती करण्यात कमीपणा नाही. उत्तर मात्र तयार हवे: कोणता विषय शिकायचा, त्या विषयाला कोणत्या पातळीची भाषा लागते, परत येऊन काय करायचे.

वेंगुर्ल्याचे नाथ पै लंडनला कायदा शिकले आणि १९५७ पासून १९७० पर्यंत त्यांनी लोकसभेत राजापूर मतदारसंघाचे, म्हणजे याच किनाऱ्याचे, प्रतिनिधित्व केले. इंग्रजीत सभागृह स्तब्ध करणारा हा माणूस मराठीत तितकाच समर्थ होता. या किनाऱ्यावरच्या मुलांना भाषा जड जाते, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे.

शेवटी शासनाचा भाग. अनुसूचित जातींच्या व इतर वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा साऱ्या देशासाठी १२५. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांवर कोलंबियाला गेले, त्या परंपरेतल्या या योजना आहेत. परंतु दोन्हींना लागते ते विनाअट प्रवेशपत्र. सशर्त प्रवेश, म्हणजे भाषावर्गाचे दार, त्यांत बसत नाही. ज्याच्या घरात इंग्रजी आहे त्याला विनाअट पत्र सहज मिळते आणि शिष्यवृत्तीही मिळू शकते. ज्याच्या घरात ती नाही त्याने आधी पंधरा हजारांहून अधिक रुपये शुल्काची परीक्षा द्यावी, नापास झाल्यास पुन्हा द्यावी, आणि दोन वर्षांत प्रवेश न मिळाल्यास तिचे गुण बाद झाले म्हणून तिसऱ्यांदा द्यावी, असा हा न्याय आहे.

तेव्हा मागणी नेमकी हवी. या शिष्यवृत्त्यांतून निदान एक वर्षाच्या भाषा अभ्यासक्रमाचे शुल्क व निर्वाह मिळावा, आणि ‘विनाअट’ या शब्दाच्या जागी ‘केवळ भाषेची अट असलेले प्रवेशपत्रही ग्राह्य’ असे शब्द घालावेत. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी या मजकुराचे निवेदन तयार करावे, आणि त्यासोबत ज्यांचे अर्ज याच कारणाने अडले आहेत अशा मुलांची कागदपत्रे, त्यांच्या संमतीने, जोडावीत.